उकिरड्यातून प्रयोगशाळा

गुलामगिरीत जन्मलेल्या जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांना केवळ वर्णामुळे एका महाविद्यालयाने प्रवेश नाकारला. १८९० साली ते सिंप्सन महाविद्यालयात चित्रकला शिकू लागले. त्यांची वनस्पतींची ओढ शिक्षिका एटा बड यांनी ओळखली व त्यांना कृषिशिक्षणाकडे वळवले. १८९६ साली ते कृष्णवर्णीयांच्या टस्कीगी येथील निवासी संस्थेत अध्यापक झाले. तेथे प्रयोगशाळेसाठी साहित्य नव्हते. विद्यार्थ्यांसह उकिरड्यांवरील बाटल्या, जुनी भांडी वेचून त्यांनी ती उभारली. १९४३ साली मृत्यू येईपर्यंत ते तेथेच राबले. समाजाने टाकाऊ ठरवलेल्यांनी टाकाऊतूनच विज्ञान घडवले. म्हणून आमच्या वसतिगृहातील एखादे मूल भंगारातून काही जुळवू लागले, की आम्ही त्याला थांबवत नाही. त्याची आवड कोणती, हे शोधतो.