लोकनायक बापूजी अणे

विदर्भाच्या मातीत जी थोर माणसे निपजली त्यांत लोकनायक माधव श्रीहरी उर्फ बापूजी अणे यांचे नाव आदराने घ्यावे लागते. त्यांचा जन्म दि. २९ ऑगस्ट १८८० रोजी यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे झाला. संस्कृतचे संस्कार घरातूनच मिळाले. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पदवी घेतल्यावर काही काळ अमरावतीस शिक्षकी केली व पुढे यवतमाळ येथे वकिली सुरू केली. लोकमान्य टिळक हे त्यांचे दैवत.

१९१८ च्या सुमारास यवतमाळसारख्या आडवळणाच्या गावी त्यांनी 'लोकमत' हे साप्ताहिक काढले. त्या काळी असे पत्र चालविणे म्हणजे पदरमोड आणि वर सरकारची वक्रदृष्टी. वाचता येणारे थोडे. एकाने वाचावे व दहा जणांनी ऐकावे.

१९२४ पासून ते मध्यवर्ती कायदेमंडळात वऱ्हाडचे प्रतिनिधी होते. परंतु खुर्चीत रमले नाहीत. १० जुलै १९३० रोजी पुसदजवळील राखीव जंगलात शिरून त्यांनी गवत कापले व तुरुंगवास पत्करला. गुराढोरांच्या चाऱ्यासाठी कायदा मोडणारा हा वकील शेतकऱ्याला आपला वाटला यात नवल नाही. १९३३ साली ते काँग्रेसचे कार्यकारी अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी जातीय निवाड्याच्या प्रश्नावर पं. मालवीयांबरोबर वेगळे झाले.

१९४१ साली त्यांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात जागा स्वीकारली. हे पुष्कळांना रुचले नाही, आणि ते झाकून चरित्र सांगणे बरे नव्हे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर येथे लष्कर व पोलिसांनी अत्याचार केले. चौकशी व्हावी म्हणून प्रा. भन्साळी दिल्लीस बापूजींच्याच दारी उपोषणाला बसले. आपल्याच मुलखातील आयाबहिणींचा टाहो आणि हाती सरकारी अधिकार, असा तो कठीण प्रसंग होता. बापूजींनी त्या वेळी जागा सोडली नाही. फेब्रुवारी १९४३ मध्ये मात्र गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी सर होमी मोदी व नलिनी रंजन सरकार यांच्यासह त्यांनी राजीनामा दिला.

नंतर सिलोनमध्ये हिंदुस्थानचे प्रतिनिधी, १९४८ ते १९५२ बिहारचे राज्यपाल, आणि १९५९ व १९६२ साली नागपूरचे खासदार. स्वतंत्र विदर्भाची मागणी त्यांनी उतारवयातही सोडली नाही.

दि. २६ जानेवारी १९६८ रोजी ते निवर्तले. टिळकांचे चरित्र त्यांनी हजारो संस्कृत श्लोकांत रचून ठेवले होते. त्या 'श्रीतिलकयशोऽर्णव' ग्रंथास १९७३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तो घ्यायला बापूजी नव्हते.