माथेरानचे वकील, सिद्धगडचे हुतात्मा : भाई कोतवाल

कर्जत : मुंबईच्या गिरण्या, कारखाने आणि दिवे यांना लागणारी वीज विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सह्याद्रीच्या पायथ्याहून येत असे. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये, तर भिवपुरीचे १९२२ मध्ये सुरू झाले. त्यामुळे खालापूर आणि कर्जत या दोन तालुक्यांना एका महानगराच्या जीवनात मोक्याचे स्थान मिळाले. या स्थानाचा अर्थ १९४२ च्या लढ्यात ज्या तरुणाने अचूक ओळखला, तो विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजेच हुतात्मा भाई कोतवाल.

भाईंचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरान येथे एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. साहेब आणि धनिकांच्या विश्रांतीसाठी वसलेल्या या गिरिस्थानावर सेवा करणाऱ्यांचे जग वेगळे होते. हुशार विठ्ठलला पुढील शिक्षणासाठी पुण्यास आत्याकडे पाठविण्यात आले. परिस्थितीशी झगडत त्यांनी पदवी मिळविली, पुढे कायद्याचे शिक्षण पूर्ण केले. वकिलीच्या बळावर शहरात स्थिरावणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी मात्र आपल्या मुलखाची वाट धरली.

तत्कालीन कुलाबा जिल्हा तेव्हा शांत नव्हता. १९३० मध्ये चिरनेरचा जंगल सत्याग्रह झाला होता, तर चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध १९३३ पासून अनेक वर्षे जमिनी पडीक ठेवून संप चालविला होता. कर्जतच्या डोंगराळ भागातील शेतकरी आणि आदिवासी सावकारी पाशात अडकले होते. पावसाळ्यात घरातील धान्य संपले की सावकाराकडे जावे लागे आणि पीक हाती आले की ते व्याजातच जाई. भाईंनी या दुष्टचक्राच्या मुळालाच हात घातला. गावोगावी धान्यकोठ्या उभारून गरजूंना अडीअडचणीला धान्य मिळेल अशी व्यवस्था त्यांनी केली. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा सुरू केल्या. माथेरान नगरपालिकेत ते निवडून आले आणि उपाध्यक्ष झाले. या कामातून गावागावांत जो विश्वास निर्माण झाला, तोच पुढे भूमिगत काळात त्यांच्या उपयोगी पडला. सावकारांचा रोषही अर्थातच ओढवला.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर काँग्रेसने 'छोडो भारत'चा ठराव केला. दुसऱ्या दिवशी पहाटे प्रमुख नेते गजाआड गेले. नेतृत्वहीन झालेल्या चळवळीची सूत्रे जागोजागच्या कार्यकर्त्यांनी हाती घेतली. भाई भूमिगत झाले आणि त्यांनी आझाद दस्ता उभारला. कर्जत तालुक्यातील मानिवलीचे हिराजी गोमाजी पाटील, भगत मास्तर आणि आसपासच्या गावांतील तरुण त्यांना येऊन मिळाले. यांतील कोणीही प्रशिक्षित सैनिक नव्हते. शस्त्रेही तुटपुंजी होती. डोंगरवाटांची माहिती आणि गावकऱ्यांची साथ हेच त्यांचे खरे बळ होते.

समोरासमोरच्या लढाईत सरकारपुढे टिकाव लागणार नाही, हे भाई जाणून होते. महायुद्ध ऐन भरात होते आणि मुंबईचे उद्योग युद्धासाठी राबत होते. या उद्योगांची वीज तोडली तर सरकारच्या वर्मावर घाव बसेल, असा त्यांचा हिशेब होता. रात्रीच्या अंधारात विजेच्या मनोऱ्यांचे लोखंडी पाय करवतीने कापायचे आणि उजाडण्यापूर्वी जंगलात दिसेनासे व्हायचे, ही दस्त्याची पद्धत. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या काळात दस्त्याने ११ मनोरे पाडले. मुंबईकडे जाणारी वीज खंडित झाली आणि उद्योगांना फटका बसला. सरकारने मनोऱ्यांवर पहारे बसविले, भाईंना पकडून देणाऱ्यास इनाम जाहीर केले.

पहारे वाढले तसा दस्त्याने कर्जतलगतच्या मुरबाड तालुक्यातील सिद्धगडच्या घनदाट जंगलाचा आश्रय घेतला. मात्र फितुरीमुळे मुक्कामाचा ठावठिकाणा पोलिसांना कळला. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे पोलीस अधिकारी हॉल यांच्या तुकडीने दस्त्याला घेरले. गोळीबारात हिराजी पाटील कोसळले आणि भाईंनाही वीरमरण आले. वयाची तिशी पूर्ण होऊन त्यांना अवघा एक महिना झाला होता.

याच काळात साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांचे प्रतिसरकार आकार घेत होते. नाना पाटील स्वातंत्र्य पाहू शकले. १९५७ मध्ये साताऱ्यातून आणि १९६७ मध्ये बीडमधून ते कम्युनिस्ट पक्षाचे खासदार म्हणून लोकसभेत गेले. दस्त्याच्या नायकाला लोकप्रतिनिधी होण्याची ती संधी भाईंना काळाने दिली नाही. त्यांच्याबाबतीत क्रमच उलटा होता. लोकांनी निवडून दिलेला नगरपालिकेचा उपाध्यक्ष आधी आणि डोंगरातला बंडखोर नंतर. शाळा आणि धान्यकोठ्यांपासून सुरू झालेली वाट सिद्धगडला पोहोचली, ती एकाच ध्येयाने.

दादरला प्लाझा चित्रपटगृहासमोरील उद्यानास वीर कोतवाल यांचे नाव आहे. रोज हजारो प्रवासी तेथून जातात. त्यांच्या जीवनावरील मराठी चित्रपट २०२० मध्ये प्रदर्शित झाला. दरवर्षी २ जानेवारीला सिद्धगडच्या परिसरात कर्जत आणि मुरबाडचे नागरिक हुतात्म्यांना अभिवादन करण्यासाठी जमतात. मुंबईचा प्रकाश ज्या डोंगरांतून जात होता, त्याच डोंगरांत दोन तरुणांनी स्वातंत्र्यासाठी प्राण ठेवले, याची जाण या मुलखाने जपली आहे.