जनरल रोक आणि त्यांचीं विमानें

डोक्यावरून विमान गेलें तर मैदानावर खेळणारीं मुलें आतां मान वर करण्याचेही कष्ट घेत नाहींत. परंतु सव्वाशें वर्षांपूर्वीं आकाशांत उडणारें यंत्र हें एक जत्रेंतील नवल होतें, आणि त्याचा सैन्यास कांहीं उपयोग होईल असें म्हणणारा मनुष्य थट्टेचा धनी होई. अशा काळीं फ्रान्स देशाच्या सैन्यांत विमानांचा पाया घालणारे जे पुरुष होऊन गेले, त्यांत प्येर ओग्युस्त रोक ह्यांची गणना अग्रभागीं केली जाते. त्यांचें चरित्र आमच्या वाचकांस थोडक्यांत सांगावें, असें आम्हीं योजिलें आहे.

दक्षिण फ्रान्सांत भूमध्य समुद्राजवळ मार्सेयां नांवाचा गांव आहे. तेथें २८ डिसेंबर १८५६ रोजीं रोक ह्यांचा जन्म झाला. पॅरिस येथील एकोल पोलितेक्निक ह्या विख्यात विद्यालयांत गणित व यंत्रशास्त्र ह्यांचें अध्ययन करून ते सैन्याच्या इंजिनियर शाखेंत शिरले. आमच्या खडकीच्या सॅपर्स लोकांचें जें काम, तेंच ह्या शाखेचें काम : रस्ते करणें, पूल बांधणें, खंदक खणणें. घोड्यावर बसून तलवार परजणाऱ्या अधिकाऱ्यांचा जो मान असे, तो ह्या लोकांच्या वांट्यास क्वचित् येई. त्यांच्याच शाखेंत, त्यांच्याहून कांहीं वर्षांनीं वडील असे एक दक्षिणेकडीलच गृहस्थ होते. तेच पुढें सेनापति झालेले जोफ्र. ह्या दोघांचा स्नेह जडला. तो पुढें रोक ह्यांस उपयोगीं पडला व शेवटीं महागही पडला. त्याची हकीगत पुढें येईलच.

अल्जीरिया, टाँकिन, दाहोमे व मादागास्कर अशा दूरदूरच्या मुलखांत त्यांची उमेदीचीं वर्षें गेलीं. ह्या मोहिमा परक्यांचे देश जिंकण्यासाठीं होत्या, हें आम्ही विसरत नाहीं. तथापि नकाशे नसलेल्या रानांतून वाट काढतांना पुढें काय आहे हें कळणें किती मोलाचें असतें, ह्याचा धडा इंजिनियर अधिकाऱ्यास तेथें जितका मिळे तितका पॅरिसच्या कचेरींत मिळण्यासारखा नव्हता. १९०६ सालीं ते युद्धखात्यांतील इंजिनियर शाखेचे मुख्य झाले.

बलून उडविण्याचें काम ह्याच शाखेकडे असल्यामुळें विमानांचा प्रश्नही आपोआप त्यांच्या मेजावर आला. १९०८ सालीं अमेरिकेचे विल्बर राइट ह्यांनीं फ्रान्सांत येऊन ल मां येथें आपलें विमान उडवून दाखविलें, आणि पुढच्याच वर्षीं, २५ जुलै १९०९ रोजीं, ब्लेरियो ह्यांनीं इंग्लिश खाडी उडून ओलांडली. तेव्हां युद्धखात्याची झोंप उडाली. परंतु जाग आली ती भांडणासकट! तोफखान्याचे लोक म्हणूं लागले कीं, गोळा कोठें पडतो हें वरून पाहण्यासाठीं विमान आम्हांस हवें. इंजिनियर म्हणत कीं, आकाशांतील सर्व गोष्टी आजवर आमच्याकडे आहेत, त्या आमच्याकडेच राहाव्या. तोफखान्यानें व्हँसेन येथें एस्तिएन नांवाच्या बुद्धिमान अधिकाऱ्याच्या हाताखालीं आपली निराळी शाळा काढली. विमानें इनमिन थोडीं, उडविणारे त्याहून थोडे, आणि एका घरांत दोन चुली अशी अवस्था झाली.

सप्टेंबर १९१० मध्यें पिकार्दी प्रांतांत सैन्याच्या लुटुपुटीच्या लढाया झाल्या, त्यांत विमानें प्रथमच मोठ्या प्रमाणावर वापरण्यांत आलीं. घोडेस्वारांच्या टेहळणी पथकास जी बातमी आणावयास अर्धा दिवस लागे, ती वैमानिक अल्पावकाशांत घेऊन येत, व नकाशावर बोट ठेवून शत्रूचें सैन्य येथें आहे असें सांगत. हें पाहून रोक ह्यांनीं आपलें मत निःसंदिग्धपणें कळविलें : सैन्यास जशा तोफा व बंदुका, तशींच विमानेंही ह्यापुढें अवश्य आहेत. आज हें वाक्य साधें वाटेल. त्या वेळीं जे अनेक वृद्ध सेनानी विमानास केवळ एक खेळ समजत होते, त्यांच्यामध्यें बसून तें बोलावयास धैर्य लागत असे.

ता. २२ ऑक्टोबर १९१० रोजीं सरकारनें दोन चुलींचा तंटा मोडून लष्करी विमानविद्येचा एकच कायम निरीक्षक नेमला, आणि ती जागा रोक ह्यांस दिली. भांडणांतील एका पक्षाच्या मुख्यासच न्यायाधीश केलें, असें कोणी म्हणेल. आणि तोफखान्याच्या लोकांस तसें वाटलें असल्यास आम्हांस नवल वाटणार नाहीं. पण एका हाताखालीं काम आल्यानें तें चाललें, ही गोष्ट खरी. ह्याच सुमारास, १८ फेब्रुवारी १९११ रोजीं, आंरी पेके नांवाच्या फ्रेंच तरुणानें आमच्या अलाहाबादेहून यमुनेपलीकडील नैनीपर्यंत विमानानें टपाल नेलें, हें वाचकांपैकीं कित्येकांनीं ऐकिलें असेल.

विमान कसें असावें हें ठरविण्यासाठीं रोक ह्यांच्या कारकीर्दींत १९११ च्या शरद् ऋतूंत रेंस शहराजवळ एक मोठी परीक्षा घेण्यांत आली. तिच्या अटी पाहिल्या म्हणजे इंजिनियराची नजर दिसते. विमान तीन माणसांचें असावें. त्यानें ३०० किलोग्रॅम उपयुक्त ओझें घेऊन न थांबतां ३०० किलोमीटर, म्हणजे मुंबई-पुण्याच्या आगगाडीच्या अंतराच्या सुमारें दीडपट, जावें. वेग ताशीं ६० किलोमीटरांहून कमी नसावा. आणि साफसूफ मैदानावर नव्हे, तर नांगरलेल्या शेतांत उतरून तेथूनच पुन्हा उडावें. ही शेवटची अट अनेकांस जड गेली, कारण कीं जत्रेंतील विमान व लढाईंतील विमान ह्यांतला भेद नेमका तीच दाखवीत होती. न्यूपोर कारखान्याचें विमान पहिलें आलें. पण कारखान्याचे धनी एदुआर न्यूपोर हे तें यश पाहावयास नव्हते. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत ते विमानाच्या अपघातांत मरण पावले होते.

अपघात तर त्या काळीं नित्याचेच होते. २१ मे १९११ रोजीं पॅरिस ते माद्रिद शर्यतीच्या आरंभीं एका विमानाचें इंजिन बिघडलें. समोर आलेल्या घोडेस्वारांस चुकवितां चुकवितां तें प्रतिष्ठित पाहुण्यांच्या घोळक्यांत घुसलें, व खुद्द युद्धमंत्री बर्तो हे जागीं ठार झाले. रोक ह्यांच्या खात्याचे वरिष्ठच अशा रीतीनें विमानाखालीं गेले. दुसऱ्या कोणत्याही देशांत कदाचित् हें खातेंच गुंडाळलें गेलें असतें, असें आम्हांस वाटतें. पण काम थांबलें नाहीं.

१९११ सालची आणखी एक लहानशी गोष्ट आम्हांस फार आवडते. क्लेमाँ आदेर नांवाच्या फ्रेंच संशोधकानें १८९० सालीं वाफेच्या यंत्रावर चालणारें वाघुळासारख्या पंखांचें यान करून जमिनीवरून वीतभर उचललें होतें. पुढें युद्धखात्याच्या पैशानें त्यानें दुसरें यान केलें. परंतु १८९७ मधील परीक्षा फसली आणि खात्यानें हात आखडता घेतला. ‘पक्षी’ ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यानें आपल्या यानास ‘आव्हियों’ असें नांव दिलें होतें. रोक ह्यांनीं ठरविलें कीं, सैन्याच्या सर्व विमानांस ह्यापुढें हेंच नांव द्यावें. त्या वेळीं आदेर सत्तर वर्षांचे होते. ज्या खात्यानें त्यांस विन्मुख लाविलें, त्याच खात्यानें त्यांचा शब्द आपल्या प्रत्येक विमानास लाविला. आणि आज फ्रान्सांतील लहान मूलही विमानास तोच शब्द वापरतें.

२९ मार्च १९१२ च्या कायद्यानें लष्करी विमानविद्येस सैन्यांत स्वतःचें स्थान मिळालें. ह्याच वर्षीं रोक तें काम सोडून पायदळाच्या सेनापतित्वाकडे वळले, व त्यांच्या जागीं जनरल इर्शोएर आले. १९१४ च्या ऑगस्टांत महायुद्ध पेटलें तेव्हां फ्रान्सपाशीं लढाईस पाठविण्याजोगीं विमानें दीडशेंच्या आंतबाहेर होतीं. संख्या लहान, पण सप्टेंबरच्या आरंभीं पॅरिसवर चालून येणारें फॉन क्लुक ह्यांचें जर्मन सैन्य आग्नेयेस वळत आहे, ही बातमी वैमानिकांनीं पाहून आणली. आणि मार्न नदीवरील लढाई जिंकण्यास ती फार उपयोगी पडली.

रोक ह्यांचें स्वतःचें युद्धांतील यश मात्र तितकें उज्ज्वल नाहीं. १९१५ मध्यें पहिल्या सेनेचे अधिपति असतां त्यांनीं वोएव्र प्रदेशांत जे हल्ले केले, त्यांत माणसें पुष्कळ पडलीं व भूमि थोडी मिळाली. मार्च १९१६ मध्यें आजारी गाल्येनी ह्यांनीं युद्धमंत्र्याचें पद सोडल्यावर तें रोक ह्यांस मिळालें. हे जोफ्र ह्यांचे जुने स्नेही, तेव्हां मुख्य सेनापतींस त्रास देणार नाहींत, असा सर्वांचा अंदाज होता.

तो चुकला. सालोनिका येथील सेनापति साराय हे जोफ्र ह्यांच्या डोळ्यांत सलत होते, व त्यांस काढावें असा मित्रराष्ट्रांचाही आग्रह होता. चौकशीसाठीं रोक ह्यांस तिकडे पाठविलें. ते परत आले ते साराय ह्यांस काढण्याची शिफारस घेऊन नव्हे. तेथील सैन्य वाढवावें, आणि साराय ह्यांनीं ह्यापुढें जोफ्र ह्यांच्या हुकमाखालीं राहूं नये, असें त्यांचें म्हणणें पडलें. पंतप्रधान ब्रियां व जोफ्र दोघेही थक्क झाले. आधींच सोमच्या लढाईनें निराश झालेल्या प्रतिनिधिसभेस हें एक नवें साधन मिळालें. डिसेंबर १९१६ मध्यें जोफ्र ह्यांचें सेनापतिपद गेलें, आणि त्याच महिन्यांत रोक ह्यांचें मंत्रिपदही गेलें. त्यांचा निर्णय बरोबर होता कीं चूक, ह्याविषयीं इतिहासकारांत मतभेद होऊं शकेल. पण ज्याच्या भिडेमुळें ते निवडले गेले, त्याची भीड त्यांनीं धरली नाहीं, एवढें उघड आहे.

त्यानंतर थोडे महिने त्यांनीं चौथ्या सेनेचें आधिपत्य केलें. युद्धाच्या अखेरीस फ्रान्सच्या आघाडीवर तीन हजारांहून अधिक विमानें उडत होतीं, हें त्यांनीं पाहिलें. २६ फेब्रुवारी १९२० रोजीं पॅरिसजवळील सँ-क्लू येथें, वयाच्या चौसष्टाव्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें. वृद्ध आदेर त्यांच्यामागें पांच वर्षें जगले. त्यांचें तें दुसरें वटवाघुळासारखें यान पॅरिसच्या कलाकौशल्य संग्रहालयांत जिन्यावर टांगलेलें अजून पाहावयास मिळतें.