जॉन रस्किन : व्हेनिसच्या दगडांत कारागीर पाहणारा माणूस

जॉन रस्किन (१८१९–१९००) हे इंग्लंडमधले नामवंत कलासमीक्षक. नोव्हेंबर १८४९ मध्ये पत्नी एफी आणि तिची मैत्रीण शार्लट केर यांच्यासह ते कालव्यांच्या व्हेनिस शहरात आले. दोघी मैत्रिणी शहर पाहत फिरत. रस्किन मात्र शिड्यांवर चढून खांब-कमानींची मापे घेत. त्यातून ‘द स्टोन्स ऑफ व्हेनिस’ हा तीन खंडांचा ग्रंथ (१८५१–५३) झाला. लग्न मात्र १८५४ मध्ये रद्द ठरले.

जुन्या कोरीवकामातला ओबडधोबडपणा ही कारागिराच्या स्वातंत्र्याची खूण आहे. यंत्रासारखी अचूकता मागितली की माणसाचेच यंत्र होते, असे त्यांनी या ग्रंथात मांडले. पुढे त्यांच्याच ‘अन्टू धिस लास्ट’ या पुस्तकातून गांधीजींना ‘सर्वोदय’ सापडला.

धुळ्याजवळचे सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखले जाते. हाताने मठारलेल्या हंड्यावरचे ठोके पाहिले, की रस्किन यांचे म्हणणे लगेच पटते.