मराठी ओवीचे इंग्रज उपासक : फादर थॉमस स्टीफन्स



वर्तकनगरच्या एकाच इमारतीत आज वसईचे मराठी, गोव्याचे कोकणी आणि दक्षिणेकडील मल्याळी व तामिळ ख्रिस्ती शेजारी राहतात. श्रद्धा एक असली, तरी ती व्यक्त करण्याची प्रत्येकाची रीत निराळी. मग पाश्चात्त्य आणि आशियाई मनांत केवढे अंतर असेल! पाश्चात्त्य पंडिताला व्याख्या हवी असते आणि आपल्या माणसाला कथा, असे सर्रास म्हटले जाते. हे विधान सरधोपट आहे. तथापि त्यात थोडे तथ्यही आहे. चारशे वर्षांपूर्वी हे अंतर चालून आलेल्या एका धर्मगुरूंचे स्मरण म्हणूनच आम्हांला उद्बोधक वाटते.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात सुमारे १५४९ साली झाला. त्या काळी इंग्लंडमध्ये कॅथलिकांचा छळ होत असे. मायदेश सोडून त्यांनी १५७५ मध्ये रोम येथे येशूसंघात प्रवेश केला. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेले त्यांचे जहाज त्याच वर्षीच्या २४ ऑक्टोबर रोजी गोव्यास पोहोचले. पुढील जवळजवळ चाळीस वर्षे त्यांनी मुख्यत्वे साष्टी प्रांतात सेवा केली.

तो काळ सौहार्दाचा नव्हता. पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील मंदिरे पाडली होती आणि लोकांच्या मनात संताप धुमसत होता. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे फादर रुडॉल्फ अक्वाविवा यांच्यासह पाच येशूसंघीयांची हत्या झाली. त्यांचे मृतदेह परत मिळवण्याचे दुःखद काम फादर स्टीफन्स यांनी केले. पुढे पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या गावकरांना बोलावून घेऊन ठार केले. दोन्ही बाजूंचे रक्त सांडले.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये फादर स्टीफन्स यांनी आपले बंधू रिचर्ड यांना पत्र लिहिले. येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांशी मिळतीजुळती असल्याचे त्यात त्यांनी नमूद केले आहे. सर विल्यम जोन्स यांनी संस्कृतविषयी असाच विचार मांडला तो १७८६ मध्ये, म्हणजे दोनशे वर्षांनी. सभोवती वैर पेटलेले असताना या धर्मगुरूंना भाषांतील नाते दिसले, हे विशेष होय.

त्यांनी कोकणीचे व्याकरण रचले. ते त्यांच्या निधनानंतर १६४० मध्ये छापले गेले. प्रश्नोत्तररूपी धर्मशिक्षणाचे पुस्तकही त्यांनी कोकणीत लिहिले. तेही मरणोत्तर, १६२२ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रश्नोत्तरे ही युरोपीय शिक्षणाची परिचित रीत. परंतु तेवढ्याने येथील मन भरत नव्हते. जुनी पुराणे वाचण्यास बंदी केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांला दुसरे काही का देत नाही, असे एक नवख्रिस्ती ब्राह्मण विचारतो, हा प्रसंग त्यांच्याच महाकाव्यात आला आहे. हा प्रश्न केवळ ग्रंथाचा नव्हता. ज्यांचे श्रवण, गायन आणि स्मरण हिरावले गेले होते, त्यांची ती व्यथा होती.

फादर स्टीफन्स यांचे उत्तर म्हणजे १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापलेले 'ख्रिस्तपुराण'. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवी छंदातील सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ दोन भागांचा आहे. पहिल्यात सृष्टीच्या निर्मितीपासूनचा जुना करार, तर दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र आहे. त्यात परमेश्वर, गुरू, वैकुंठ हे मराठी मनाला परिचित असलेले शब्द येतात. मराठीची त्यांनी केलेली स्तुती तर आजही आपल्या साहित्यात आदराने स्मरली जाते.

मूर्तिपूजेविषयी त्यांची मते त्यांच्या काळाचीच होती, हे आम्ही लपवू इच्छित नाही. परंतु सत्याकडे नेणारी वाट एकच असते, असे त्यांनी मानले नाही. मुलांना त्यांनी प्रश्नोत्तरे दिली आणि श्रोत्यांना कथा. श्रोत्यांनी युरोपीय व्हावे ही अट न घालता ते स्वतः मराठी झाले.

१६१९ मध्ये गोव्यात त्यांचे देहावसान झाले. त्यांचे पुराण मात्र गोव्यात आणि मंगळूरच्या किनाऱ्यावरील ख्रिस्ती घरांत पिढ्यान्पिढ्या गायिले गेले. स्थानिक संस्कृतीतून श्रद्धा व्यक्त व्हावी, हा विचार दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने (१९६२-६५) साऱ्या ख्रिस्तसभेपुढे ठेवला, त्याआधी साडेतीनशे वर्षे ही वाट येथे चालून झाली होती.

भाविकहो, आज आपली मुले इंग्रजीत शिकतात आणि आजी मराठीत प्रार्थना करते. दोघांतील अंतर कोणी चालायचे? एका इंग्रज धर्मगुरूंनी पहिले पाऊल स्वतः टाकले होते. येत्या उपवासकाळात घराघरांत 'ख्रिस्तपुराणा'तील निदान एक प्रसंग मोठ्याने वाचला जावा, एवढीच आमची विनंती.