दुखणे आणि गाडगेबाबा

आमच्या केजकडे अलीकडे पुष्कळ घरांत ‘साखर’ झालेले माणूस असते. महिन्याच्या गोळ्या, पथ्याची भाकरी, जास्त झालं की अंबाजोगाईचा सरकारी दवाखाना. हे दुखणे जन्माचे आहे असे कळले म्हणजे कोणी देवावर रुसतो, कोणी अंगारे-धुपारे शोधतो, तर कोणी आता आपले संपले म्हणून वारीचे नाव टाकतो. अशा भाविकांपुढे श्रीगाडगेमहाराजांचे उत्तरायुष्य ठेवावे असे आम्हांस वाटते.

बाबांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी झाला. नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर, जात परटाची. 1905 साली त्यांनी घर सोडले ते कायमचेच. हाती खराटा, जवळ मडक्याचे खापर. पंढरीला यावे, वाळवंट झाडावे, यात्रेकरूंपुढे कीर्तन करावे, पण राउळात दर्शनाला जायचे नाही, अशी त्यांची रीत. 1923 साली मुलगा गोविंद गेल्याची बातमी कीर्तनातच आली, तरी त्यांनी कीर्तन थांबवले नाही. हे कुणालाही जमेल असे आम्ही म्हणत नाही. पोटचं पोर गेल्यावर रडणं हा काही कमीपणा नव्हे.

उतारवयात त्यांना मधुमेहाने गाठले. आता गंमत पाहा. बोकड कापून, नवस बोलून रोग जात नाही, दवाखान्यात जा, हे बाबा जन्मभर सांगत आले. स्वतःवर वेळ आली तेव्हाही त्यांनी तीच वाट धरली. संतांना औषध कशाला, असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. 1949 साली ते मुंबईत आजारी असता डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोन घोंगड्या घेऊन भेटीस आले. कुणाचे काही न घेणाऱ्या बाबांनी त्या घेतल्या, आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. दुखणाईत माणूस बहुधा आपल्याच खाटेपुरते पाहतो. बाबा पाहत होते ते पोरांच्या शिक्षणाकडे!

रोग्याबरोबर आलेली गावाकडची माणसे रस्त्यावर निजतात, हेही त्यांच्या नजरेतून सुटले नव्हते. मुंबईस जे. जे. रुग्णालयाच्या आवारात अशांसाठी धर्मशाळा त्यांच्याच खटपटीने झाली. दादरला कर्करोग्यांसाठी जी धर्मशाळा आहे, ती मागाहून झालेली. तिलाही नाव त्यांचेच आहे. आपल्याकडचे जे कोणी टाटा रुग्णालयात जातात, त्यांनी तिची चौकशी जरूर करावी.

शरीर थकत चालले, तरी कीर्तन सुटले नाही. 8 नोव्हेंबर 1956 रोजी बांद्र्याला पोलिसांपुढे झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित आहे. ऐंशी वर्षांचा आजारी माणूस लोकांना प्रश्न विचारतो, उत्तरे काढून घेतो, खळखळून हसवतो. स्वतःच्या दुखण्यासाठी ते मांडलेलेच नाही. पुढे दीड महिन्यात, 20 डिसेंबरला, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर मोटारीतच त्यांचा देह पडला. मोटार अमरावतीच्या वाटेवर होती.