लॅमिंग्टन रोडवाल्या लॉर्डसाहेबांना उधमसिंगांची गोळी लागली होती

कॉम्प्युटरचा सुटा भाग, स्पीकर, केबल काहीही हवं असलं की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचं नाव निघतं. रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग होऊनही जमाना झाला, पण कळमेश्वरहून आलेला पोरगाही टॅक्सीवाल्याला लॅमिंग्टन रोडच सांगतो.

आता हे लॅमिंग्टन कोण?

नाव चार्ल्स कॉकरेन-बेली. जन्म १८६० चा, लंडनचा. वडिलांना १८८० मध्ये बॅरन लॅमिंग्टन हा किताब मिळाला. ब्रिटिश सरदारांच्या उतरंडीत बॅरन म्हणजे सगळ्यात खालची पायरी, पण किताब वंशपरंपरागत. चार्ल्स १८८६ मध्ये निवडणूक जिंकून खासदार झाले. १८९० मध्ये वडील वारले आणि निवडणुकीची गरजच संपली. वारशाने थेट हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये जागा मिळाली.

१८९६ मध्ये ते ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचे गव्हर्नर झाले. स्पंज केकचे चौकोनी तुकडे चॉकलेटमध्ये बुडवून खोबऱ्याच्या किसात घोळवायचे, याला तिथे आजही लॅमिंग्टन म्हणतात. हे नाव साहेबांवरून पडलं की त्यांच्या बायकोवरून, यावर तिकडे अजून वाद चालतो.

डिसेंबर १९०३ मध्ये ते मुंबई प्रांताचे गव्हर्नर म्हणून आले. त्यांच्याच काळात, १९०५ मध्ये, प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची पायाभरणी झाली. तेच आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. त्याच वर्षी बंगालच्या फाळणीविरोधात पुण्यात विदेशी कपड्यांची होळी पेटली होती. १९०७ मध्ये बायकोच्या आजारपणामुळे राजीनामा देऊन साहेब मायदेशी परतले.

गोष्ट इथेच संपायची. पण १३ मार्च १९४० ला लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये एक सभा होती. सभा संपता संपता उधमसिंग पुढे आले आणि त्यांनी गोळ्या झाडल्या. जालियनवाला बाग हत्याकांडाच्या वेळी पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर असलेला मायकेल ओडवायर जागीच ठार झाला. जखमी झालेल्या तिघांत ७९ वर्षांचे लॅमिंग्टनही होते. गोळी त्यांच्या हाताला लागली.

खरंतर १९१९ मध्ये ते हत्याकांड झालं, तेव्हा त्यांनी हिंदुस्थान सोडून १२ वर्षं झाली होती.

३१ जुलैला उधमसिंगांना फाशी झाली. १६ सप्टेंबरला लॅमिंग्टनही स्कॉटलंडमध्ये वारले. मुलाला वारस नव्हता, त्यामुळे १९५१ मध्ये त्याच्यासोबत किताबही संपला.

किताब गेला, रस्त्याची पाटीही बदलली. साहेबांचं नाव मात्र टॅक्सीवाल्यांनी आणि दुकानदारांनी टिकवलं.